मुळांनी भरलेली कुंडी कधी आणि कशी बदलावी

कुंडीत घातलेले पाणी क्षणात तळाच्या छिद्रातून वाहून गेले, की मातीचा निचरा चांगला आहे असे वाटून आपण निश्चिंत होतो. पुष्कळदा मात्र त्या कुंडीत पाणी धरून ठेवण्याइतकी माती उरलेलीच नसते. कुंडीच्या भिंतीला अडलेली मुळे कडेकडेने गोल फिरत राहतात, त्यांचे जाळे दाट होत जाते आणि सकाळी पाणी घातलेले झाड दुपारी पुन्हा माना टाकते. खालची पाने पिवळी पडणे, हंगाम असूनही नवी पालवी न फुटणे, छिद्रातून मुळे बाहेर डोकावणे आणि प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूने फुगणे ही त्याचीच लक्षणे होत. यांतले एखादे लक्षण पुरेसे नाही. पार सुकलेले कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी न शोषता वाहून जाऊ देते. म्हणून झाड अलगद बाहेर काढून मुळे पाहणे हीच खरी परीक्षा. मातीपेक्षा मुळेच जास्त दिसत असतील, तर कुंडी बदलायला हवी.

दरवर्षी कुंडी बदलावीच, हा सरसकट नियम मला पटत नाही. जोमाने वाढणाऱ्या झाडाला वर्षभरात जागा कमी पडते, तर सावकाश वाढणारे झाड तीन-चार वर्षे त्याच कुंडीत सुखाने राहते. होया या मेणासारख्या फुलांच्या वेलीसारखी काही झाडे तर मुळे थोडी दाटल्यावरच चांगली फुलतात. वेळ निवडायची ती झाडाची वाढ सुरू होत असताना, म्हणजे नवे कोंब दिसू लागले की, कारण तुटलेली मुळे तेव्हा लवकर भरून येतात. कडक उन्हाचे दिवस, झाडाच्या विश्रांतीचा काळ आणि ऐन बहर टाळावा. मुळे कुजू लागली असतील, तर मात्र मुहूर्त पाहत बसू नये.

नवी कुंडी जुनीपेक्षा 3 ते 5 सेंटीमीटरच रुंद असावी. एकदाच मोठी कुंडी घेऊन मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण व्यास आणि उंची दोन्ही दुप्पट केली, तर माती आठपट लागते. मुळे न पोहोचलेली ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धतही सोडून द्यावी. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहते, त्यामुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. छिद्रावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवली, की पुरते. मातीची कुंडी कोरी असेल, तर ती आधी पाण्यात भिजवून घ्यावी, नाही तर ती नव्या मातीतला ओलावा स्वतःच शोषून घेते.

कामाच्या आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी बुंध्याच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून कुंडी उलटी करावी आणि तिची कड एखाद्या लाकडी काठावर हलकेच आपटावी. मुळांसकट मातीचा गोळा सुटत नसेल, तर आतल्या कडेने सुरी फिरवावी. खोड धरून ओढू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे आणि सर्वाधिक टाळले जाणारे काम. मुळांना धक्का नको म्हणून एक झाड मी जसेच्या तसे मोठ्या कुंडीत बसवले होते. वर्षभराने ते खुरटलेले पाहून बाहेर काढले, तेव्हा सभोवतालची नवी माती भुसभुशीत गळून पडली आणि जुन्या कुंडीच्या आकाराचा तो गोळा, तळाच्या किनारीच्या खुणेसकट, हातात तसाच राहिला. मुळे आपल्याच फेऱ्यात फिरत होती. म्हणून गुंता मोडायलाच हवा. तळाशी चकतीसारखी चिकटलेली मुळे बोटांनी किंवा बोथट काडीने खालून वर सोडवत न्यावीत. बोट आत शिरतच नसेल, तर धारदार सुरीने गोळ्याच्या बाजूंना वरून खाली तीन-चार चिरा द्याव्यात, साधारण 1 ते 2 सेंटीमीटर खोल, आणि तळाची चटई कापून टाकावी. काळपट, लिबलिबीत आणि दुर्गंधी येणारी मुळे निरोगी भागापर्यंत छाटावीत; रंगावरून मात्र घाईने निर्णय घेऊ नये, कारण काही झाडांची निरोगी मुळेही गडद असतात. बोगनवेलीची मुळे नाजूक आणि ठिसूळ असतात, तिच्या बाबतीत हात आखडता घ्यावा.

नवी माती शक्यतो जुन्या मातीसारख्याच पोताची असावी, नाही तर पाणी एका थरातून जाते आणि दुसरा कोरडाच राहतो. नुसती बागेची माती कुंडीत घट्ट बसते. तिच्यात कोकोपीट, कुजलेले खत आणि थोडी जाड वाळू मिसळावी. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे, कडांची पोकळी काडीने माती सारून भरावी आणि काठाखाली दोन-तीन सेंटीमीटर जागा पाण्यासाठी सोडावी. माती दाबून ठोकू नये. कुंडी जमिनीवर दोनदा हलकेच आपटली तरी ती बसते.

तळातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे. निवडुंगासारख्या झाडांना मात्र जखमा सुकेपर्यंत काही दिवस कोरडेच ठेवावे. पाणी शोषणारी सूक्ष्म मुळे तुटलेली असल्यामुळे झाड आठवडाभर मलूल दिसते. अशा वेळी पाण्याचा मारा न करता ते सावलीत ठेवावे, वरची माती सुकली तरच पाणी घालावे आणि तीन-चार आठवडे खत देऊ नये.

झाड इतके मोठे असेल, की याहून मोठी कुंडी ठेवायला जागाच नाही, तर तेच झाड त्याच कुंडीत ठेवता येते. बाहेरच्या मुळांचा साधारण चौथा हिस्सा कापावा, त्या प्रमाणात फांद्याही छाटाव्यात आणि मोकळ्या झालेल्या जागेत ताजी माती भरावी. तेवढी ओढाताणही शक्य नसेल, तर वरची 4-5 सेंटीमीटर माती खुरपीने काढून तिथे खतमिश्रित नवी माती घालावी. एखादे वर्ष त्यावर निभते.