कॉन्सेप्ट पिकअप पाहताना आधी हौदा मोजा

१५ ऑगस्ट २०२५ला महिंद्राने मुंबईत व्हिजन मालिकेतल्या चार कॉन्सेप्ट गाड्या, म्हणजे विक्रीआधी कल्पना दाखवायला बनवलेल्या नमुना गाड्या, दाखवल्या. त्यांतली व्हिजन एसएक्सटी ही पिकअप. त्याआधी दोन वर्षं, याच तारखेला, केपटाऊनमध्ये स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली ग्लोबल पिक अप कॉन्सेप्ट समोर आली होती. दोन्ही वेळा फोटो फिरले आणि बोलणं झालं ते दिव्यांवर, ग्रिलवर, टायरच्या नक्षीवर. हौद्यात काय मावेल, हा प्रश्न मागेच राहिला. पिकअप घ्यायची ती हौद्यासाठी. म्हणून तिची पारख मागून पुढे करायची: आधी हौदा, मग मागचा अ‍ॅक्सल, मग केबिन आणि चेहरा सगळ्यांत शेवटी.

फोटोवरून माप काढणं

कंपनी कॉन्सेप्टच्या हौद्याचं माप सहसा देत नाही, पण व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, बहुतेक वेळा कळतो. तेवढं पुरेसं आहे. गाडीचा अगदी बाजूने घेतलेला फोटो निवडा. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या फोटो एडिटरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकाची आडवी रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. दोन्हींत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर फोटो तिरका आहे. त्यावरचं माप चुकणार, दुसरा फोटो शोधा.

आता चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर पिक्सेलमध्ये घ्या. एसएक्सटी ज्या एनयू-आयक्यू प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) आहे, त्याचा व्हीलबेस २,६६५ मिमी सांगितला गेला. समजा फोटोत तो ८९० पिक्सेल भरला, तर एक पिक्सेल म्हणजे जवळपास ३ मिमी. केबिनच्या मागच्या भिंतीपासून फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बाहेरच्या कडेपर्यंत ४२० पिक्सेल आले, तर बाहेरची लांबी १,२६० मिमी. यातून पुढच्या भिंतीची आणि फाळक्याची जाडी मिळून १२० मिमी वजा करा. वापरायला उरले १,१४० मिमी. (४२० आणि ८९० हे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, तुमच्या फोटोतले आकडे तुम्ही घाला.) ही वजाबाकी विसरली की हौदा कागदावर अर्धी वीत वाढतो.

१,१४० मिमी म्हणजे किती, हे क्रेट मांडून पाहिलं की कळतं. ६०० बाय ४०० मिमीचा क्रेट घ्या आणि चाकांच्या कमानींमधली मोकळी रुंदी १,०५० धरा. हौद्याच्या लांबीत एका रांगेत क्रेट आडवे ठेवले तर दोन बसतात, शेजारच्या रांगेत लांबीच्या दिशेने एकच. अशा सरळ रांगांत तळाच्या थरात तीन. हौदा १,५२० मिमीचा, म्हणजे पाच फुटी असेल तर पहिल्या रांगेत तीन आणि दुसऱ्या रांगेत दोन, असे पाच बसतात. लांबी एक तृतीयांशाने वाढली, क्रेट दीडपटीहून जास्त झाले. नाशिक किंवा नारायणगावच्या बाजारात २० किलोचे टोमॅटोचे क्रेट नेणाऱ्याला हा फरक रोजच्या फेरीत दिसेल.

दुसरी कसोटी प्लायवूडची. आठ बाय चार फुटी शीट २,४४० बाय १,२२० मिमीची असते. चाकांच्या कमानींमध्ये १,२२० मिमी मोकळे असतील तर शीट तळावर सपाट बसते, नाहीतर ती कमानींवर टेकते आणि खाली पोकळी राहते. मध्यम आकाराच्या बऱ्याच डबल कॅब (चार दारांच्या) पिकअपमध्ये ही रुंदी १,२२० भरत नाही. मग कमानींच्या उंचीवर लाकडी पट्ट्या अडकवायला भिंतीत खाचा दिल्या आहेत का, ते पाहा. छोटी सोय आहे, पण डिझायनरने माल लादणाऱ्या माणसाचा विचार केला होता की नाही, हे तिथे कळतं.

एसएक्सटीच्या हौद्यात दोन स्टेपन्या दाखवल्या आहेत. फोटोत त्या फार रुबाबदार दिसतात. पण ७५० मिमी व्यासाचं एक चाक आडवं टाकलं की १,१४० मिमीमधले ३९० उरतात. स्टेपनीची योग्य जागा हौद्याखाली, साखळीच्या यंत्रावर. तिथेही त्रास आहेच: चिखल आणि पाण्याने साखळी गंजते आणि पंक्चर होईल त्या दिवशी चाक खाली उतरत नाही. त्यामुळे प्रॉडक्शन, म्हणजे प्रत्यक्ष विकायला येणाऱ्या गाडीत मागच्या बंपरमध्ये हँडल घालायचं भोक आहे का ते बघा, आणि गाडी घेतल्यावर दर पावसाळ्याआधी यंत्र एकदा पूर्ण खाली-वर करून ग्रीस लावा.

मागचा अ‍ॅक्सल कुठे पडतो

त्याच फोटोवर हौद्याच्या लांबीचा मध्य काढा आणि तिथून खाली उभी रेघ ओढा. रेघ मागच्या चाकाच्या मध्यावर किंवा त्याच्या पुढे पडली तर उत्तम. मागे पडली तर तरफेचा हिशेब लागू होतो: माल गुणिले अंतर, भागिले व्हीलबेस. ४०० किलो माल अ‍ॅक्सलच्या ३०० मिमी मागे आणि व्हीलबेस २,६६५, तर पुढची चाकं ४५ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ४४५ किलो येतात. घाटात, ओल्या रस्त्यावर, वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं. रात्री हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आखूड व्हीलबेसवर चार दारांची केबिन बसवली की हौदा मागे ढकलला जाणारच. डिझायनरच्या कौशल्याने हा दोष झाकता येतो, काढता येत नाही. आमच्या मते छोट्या डबल कॅब पिकअपच्या बाबतीत सगळ्यांत कमी बोलली जाणारी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच.

हेडलाइट खालीवर करायचा स्विच डॅशबोर्डवर आहे का, तेवढं नक्की विचारा.

यानंतर केबिन आणि हौदा यांच्यामधली फट पाहा. बोटभर फट असेल तर खाली बहुतेक वेळा लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्याची चासी असते; खडबडीत रस्त्यावर चासी पिळली जाते, म्हणून दोन्ही भाग वेगळे ठेवावे लागतात. पत्रा एकसंध असेल तर मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी. एनयू-आयक्यू मोनोकॉक आहे. मोनोकॉक म्हणजे नाजूक, असा समज बरोबर नाही. होंडा रिजलाइन मोनोकॉक असून ६५० किलोंच्या वर भार घेते. मात्र बारमाही ओव्हरलोडवर चालवायची असेल तर लॅडर फ्रेम आणि पाटेच (लीफ स्प्रिंग) हवेत. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावीही बदलून मिळतो. मोनोकॉकचा पत्रा सस्पेन्शनच्या जोडाशी चिरला तर दुरुस्ती अवघड आणि महाग.

भाराचं गणित

ग्रॉस वजनातून (माल आणि माणसांसह गाडीला चालणाऱ्या जास्तीत जास्त वजनातून) गाडीचं रिकामं वजन वजा करा. त्यातून माणसंही वजा करा. ग्रॉस २,९००, रिकामी २,१००, म्हणजे भारक्षमता ८०० किलो. पाच माणसं प्रत्येकी ७५ किलोंची धरली तर ३७५ गेले. हौद्यासाठी राहिले ४२५. त्यात लोखंडी कॅनोपी, रोल बार, विंच असं काही बसवलं तर तेही याच ४२५मधून जातं. इलेक्ट्रिक कॉन्सेप्टमध्ये बॅटरीचंच वजन काहीशे किलो असतं, त्यामुळे रिकाम्या वजनाचा आकडा जाहीर होईपर्यंत भारक्षमतेच्या घोषणेवर विसंबू नका.

कॉन्सेप्टमधलं काय टिकतं, काय गळतं

याची उदाहरणं आता भरपूर आहेत. ह्युंदाईने २०१५मध्ये डेट्रॉइटला सांता क्रूझ दाखवली तेव्हा तिला मागच्या बाजूला उलटी उघडणारी छोटी दारं होती आणि हौदा ड्रॉवरसारखा बाहेर ओढता येत होता. २०२१मध्ये गाडी बाजारात आली ती चार साध्या दारांनी, आणि ओढता येणारा हौदा गेला. अमेरिकी पिकअप कंपनी रॅमने जानेवारी २०२३मध्ये लास व्हेगासला १५०० रेव्होल्यूशन दाखवली: पुढच्या-मागच्या दारांमधला खांब नाही, दारं समोरासमोर उघडणारी. महिनाभरानंतर दाखवलेली प्रॉडक्शन गाडी नेहमीच्या रॅमसारखीच होती, आणि सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने पूर्ण इलेक्ट्रिक मोठ्या पिकअपचा बेतच सोडला.

मधला खांब जातो कुठे? कुठेच नाही. बाजूच्या धडकेत आणि गाडी उलटल्यावर छताचा भार तोच पेलतो. तो काढायचा तर दारं आणि उंबरा इतका मजबूत करावा लागतो की वजन आणि किंमत दोन्ही हाताबाहेर जातात. म्हणून खांब नसलेली कॉन्सेप्ट दिसली की मनातल्या मनात तो परत बसवा आणि मग मागच्या दारातून माणूस कसा चढेल ते पाहा. आरशांच्या जागी कॅमेरे दिसले तर तिथे साधे आरसे बसवा. अमेरिकेत तर नियमानेच आरसे लागतात. २२ इंची चाकं असतील तर १७ किंवा १८ इंची कल्पा. फोटोत चाक खरंच लहान करून बघा: बऱ्याच गाड्यांचा दरारा तिथेच उतरतो, आणि जी तरीही चांगली दिसते तिची प्रमाणं मुळात चांगली आहेत. छतावरचे दिवे, स्नॉर्कल, रॅक हे सगळं अ‍ॅक्सेसरीत जातं.

टेस्ला सायबरट्रकचा आकार मात्र जवळजवळ जसाच्या तसा आला. नोव्हेंबर २०१९मध्ये दाखवलेली गाडी नोव्हेंबर २०२३मध्ये ग्राहकांना मिळू लागली. आरसे आणि एक भलामोठा वायपर वाढला, किमान किंमत ३९,९०० डॉलरच्या घोषणेवरून ६०,९९० डॉलरच्या घोषणेवर गेली. पण रेषा टिकल्या म्हणून गाडी सोयीची झाली असं नाही. हौद्याच्या भिंती केबिनकडे चढत जातात, त्यामुळे बाजूला उभं राहून पुढच्या कोपऱ्यातली वस्तू काढता येत नाही. मागून आत चढावंच लागतं. हौद्याचं झाकण बंद केलं की आतल्या आरशातून मागचं दिसत नाही. मार्च २०२५मध्ये छताकडेची चिकटवलेली स्टीलची पट्टी सुटण्याच्या भीतीने सुमारे ४६,००० गाड्या परत बोलावल्या गेल्या. वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक पट्टीबद्दल विचारा: ती बोल्टने बसवली आहे, क्लिपने की गोंदाने?

याच्या अगदी उलट टोयोटाची आयएमव्ही शून्य. डिसेंबर २०२२मध्ये बँकॉकला दाखवली तेव्हा अनेकांना ती ओबडधोबड वाटली. सपाट हौदा, सरळ पत्रे, तीन तुकड्यांचा बंपर, म्हणजे कोपरा ठोकला तर तेवढाच तुकडा बदला. हौद्याच्या तळात बोल्टसाठी तयार भोकं, त्यावर खाऊगाडी बसवा की पिंजरा, वेल्डिंगची गरज नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ती थायलंडमध्ये हायलक्स चॅम्प म्हणून ४,५९,००० बाटपासून विकायला आली आणि कॉन्सेप्टमधलं जवळजवळ सगळं टिकलं. आम्हाला ही अलीकडची सर्वांत देखणी पिकअप वाटते. तिची प्रत्येक रेघ कामातून आली आहे.

चेहरा

बोनेट उंच आणि नाक सरळ उभं, ही सध्याची फॅशन आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३मध्ये मांडलेल्या अभ्यासात १,०१६ मिमीपेक्षा उंच बोनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता, ७६२ मिमीपर्यंतच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. शाळेच्या आणि बाजाराच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा आकडा दिव्यांच्या आकारापेक्षा मोठा आहे. वरच्याच पद्धतीने फोटोवरून बोनेटच्या पुढच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा.

गाडीजवळ उभं राहायला मिळालं तर

टेप सोबत न्या. उघड्या फाळक्याची जमिनीपासूनची उंची ८०० ते ८५० मिमी असेल तर क्रेट कमरेच्या जोरावर चढतो. ९००च्या वर गेली की खांदा लागतो. माल बांधायचे हुक तळाशी हवेत, किमान चार. फक्त वरच्या कडेला असतील तर दोर आवळल्यावरही खालचा माल सरकतो. ताडपत्री बांधायला भिंतीच्या बाहेरून कडी किंवा कड आहे का? एकदम गुळगुळीत बाजू असलेल्या कॉन्सेप्टमध्ये ती कधीच नसते. तळात पाणी जायची भोकं पुढच्या कोपऱ्यांतही हवीत, कारण उतारावर उभ्या गाडीत पाणी तिकडेच साचतं आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात गंज धरतो. मागच्या सीटवर बसून गुडघ्यापुढे आणि पाठीच्या कलात किती जागा आहे ते पाहा. हौदा लांबवला की बहुतेक वेळा याच दोन ठिकाणांहून जागा घेतलेली असते.

एनयू-आयक्यूवरच्या गाड्या २०२७पासून येतील असं महिंद्राने सांगितलं आहे. एसएक्सटी त्यांत आलीच, तर पहिल्या दिवशी तीन आकडे मागा: हौद्याची आतली लांबी, चाकांच्या कमानींमधली रुंदी आणि पाच माणसं बसल्यावर उरणारी भारक्षमता. त्याच वेळी स्टेपनी कुठे गेली तेही वाकून बघा.