लेस्टरला राहताय? मग सिटी कौन्सिलला मत कसं द्यायचं ते बघा

भारतीय पासपोर्ट आहे म्हणजे इंग्लंडात मत नाही, असं धरून बसलेले मराठी लोक अजून भेटतात आणि खरंच वाईट वाटतं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये आहे त्यामुळे आपल्याला इथे मताचा हक्क आहे, त्यासाठी ब्रिटिश सिटिझनशिप लागत नाही, पीआर (कायम राहण्याचा परवाना) पण लागत नाही. वय 18 पूर्ण, व्हिसा वैध आणि राहायचा पत्ता तिथला, एवढं पुरतं. स्टुडंट व्हिसावरचे पण यात आले.

आधी नाव नोंदवा. सरकारी साइटवर रजिस्टर टू व्होट शोधा, पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. नॅशनॅलिटीच्या जागी इंडियन लिहायचं, घाबरायचं काही कारण नाही. फॉर्ममध्ये ओपन रजिस्टरचा प्रश्न येतो तिथे नको म्हणा, नाहीतर तुमचं नाव-पत्ता कोणीही विकत घेऊ शकतं. मतदानाच्या 12 कामाचे दिवस आधी नोंदणी बंद होते, म्हणून शेवटपर्यंत थांबू नका, तसंही यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरला मदत होते. घर बदललं की परत नोंदणी करायची, हे बरेच जण विसरतात.

आता कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, समजून घ्या. लेस्टरमध्ये 21 वॉर्ड आणि 54 कौन्सिलर आहेत, काही वॉर्डांत दोन, काहींत तीन. सगळ्या जागांची निवडणूक दर चार वर्षांनी एकदमच होते, 2011, 2015, 2019, 2023 अशी. सगळीकडे असं नसतं बरं का, मँचेस्टरला चारपैकी तीन वर्षं एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं, ऑक्सफर्डला दर दोन वर्षांनी अर्ध्या जागा, त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या मित्राला विचारून आपला हिशोब करू नका.

पुण्यात 2017 ला चार नगरसेवकांचा प्रभाग होता, तिथे अ ब क ड अशा वेगळ्या जागा आणि प्रत्येक जागेला एक मत. इथे तसं नाही. सगळे उमेदवार एकाच कागदावर असतात, तीन जागा असतील तर जास्तीत जास्त तीन नावांपुढे फुली मारायची, एकाच पक्षाचे तिघे किंवा वेगवेगळ्या पक्षांचे, आणि एकच मारली तरी चालते. पण तीनपेक्षा जास्त मारल्या की तुमचा कागद बाद. ईव्हीएम नाही, पेन्सिल आणि कागद.

महापौरासाठी वेगळा कागद मिळतो आणि हा कागद फार महत्त्वाचा आहे. मुंबईचा महापौर मानाचा आणि कारभार आयुक्तांच्या हातात, तसं लेस्टरचं नाही, इथला सिटी मेयर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि कारभार तोच चालवतो. 2011 पासून लेबरचे पीटर सोल्सबी निवडून येतायत. लॉर्ड मेयर हे पद वेगळं, ते समारंभापुरतं. मेयरसाठी आधी पहिली आणि दुसरी पसंती असायची, 2023 ला ती गेली, आता एकच फुली.

पक्षांचं गणित बघायचं तर 2019 ला लेबरचे 53 आणि लिबरल डेमोक्रॅटचा 1, विरोधी पक्ष जवळजवळ नाहीच. 2023 ला लेबर 31, कन्झर्व्हेटिव्ह 17, लिबरल डेमोक्रॅट 3, ग्रीन 3. त्या निवडणुकीआधी लेबरने स्वतःच्याच बऱ्याच कौन्सिलरांची तिकिटं कापली होती आणि त्यावरून पक्षात मोठी नाराजी होती. बहुमताला 28 लागतात म्हणजे सत्ता लेबरकडेच राहिली, पण सभागृहात प्रश्न विचारणारी माणसं आली, आणि माझ्या मते शहरासाठी हे चांगलंच झालं. म्हणून नुसता पक्ष बघून फुली मारू नका, तुमच्या वॉर्डातल्या उमेदवारांची यादी कौन्सिलच्या साइटवर लागते, ती वाचा, दारावर आले की कचरा, पार्किंग, मुलांच्या शाळेची ॲडमिशन असं थेट विचारा. लेस्टरला शाळा, सोशल केअर, रस्ते सगळं एकाच कौन्सिलकडे आहे, काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलकडे, बोट दाखवायची सोय नाही.

मतदान मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10, त्यामुळे ऑफिस करून सुद्धा जमतं. पोलिंग कार्ड (मतदानाआधी घरी येणारं माहितीचं कार्ड) नसलं तरी चालतं पण 2023 पासून फोटो आयडी लागतोच. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटोत तुम्ही ओळखू आलात की झालं. पॅन कार्ड किंवा आधार घेऊन जाऊ नका. काहीच नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट फुकट मिळतं, त्याचा अर्ज सहा कामाचे दिवस आधी संध्याकाळी 5 पर्यंत पोचला पाहिजे. आणि मे मध्ये भारतात जाणार असाल तर पोस्टल मतापेक्षा प्रॉक्सी घ्या, म्हणजे इथल्या विश्वासातल्या माणसाला तुमच्या वतीने मत देता येतं, पोस्टाचा कागद भारतात जाऊन वेळेत परत येईल याचा भरवसा नाही.