स्पेसिफिकेशन असं लिहा, की साइटवर तपासता येईल

बांधकामाचं कुठलंही स्पेसिफिकेशन (कोणता माल आणि कसं काम हवं, ते सांगणारी कलमं) तपासायला आलं की मी आधी ‘उत्तम दर्जाचे’, ‘सुबक’, ‘योग्य प्रकारे’, ‘इंजिनिअरच्या समाधानाप्रमाणे’ अशा शब्दांखाली रेघा मारते. जितक्या रेघा, तितकी साइटवर भांडणं. शिवाय अन्याय होतो तो टेंडर भरतानाच. प्रामाणिक कंत्राटदार चांगलं काम गृहीत धरून दर लावतो आणि महाग ठरतो. दुसरा जेमतेम काम धरतो आणि टेंडर घेऊन जातो. म्हणून प्रत्येक कलम वाचून साइट इंजिनिअरला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढं ठामपणे सांगता आलं पाहिजे. टेप, ओळंबा, लेव्हल, लॅबचा रिपोर्ट, कशानेही.

‘प्लास्टर सपाट असावे’ यातून काहीच ठरत नाही. ‘२ मीटरची सरळ पट्टी भिंतीवर कुठेही, कोणत्याही दिशेने लावली असता फट ३ मिमीपेक्षा जास्त नसावी’ असं लिहिलं की वाद संपतो. आकडा मात्र विचार करून घाला. जिथे बाजूने उजेड पडतो त्या भिंतीला कडक मर्यादा हवी, फॉल्स सीलिंगच्या वर झाकल्या जाणाऱ्या भागाला नको. सगळीकडे कडक आकडे लिहिले तर दर वाढतात आणि साइटवर कुणी ते मनावर घेत नाही.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण टाइल बसली की खालचं काही दिसत नाही. ‘वॉटरप्रूफिंग करून गळती होणार नाही याची खात्री करावी’ या वाक्यावर कुणी काम करू शकत नाही. मी क्रमाने लिहिते: स्लॅबवरची धूळ, तेल आणि सुटा माल काढणे; पाइपांभोवतीची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या पातळ मसाल्याने) भरणे; भिंत आणि जमीन मिळते तिथे वाटा (मसाल्याचा गोलसर कोपरा) काढणे; कोटिंगचे थर किती, सुकल्यावर जाडी किती, भिंतीवर किती उंचीपर्यंत; नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी वाहून जायच्या तोटीच्या) तोंडात कोटिंग कसं वळवायचं. मग पाण्याची चाचणी. ट्रॅप बंद करून सर्वांत उंच जागीही किमान २५ मिमी पाणी राहील असं भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. पाण्याची पातळी वाफेमुळेही उतरते, म्हणून खालच्या मजल्याचं छत आणि बाजूच्या भिंती पाहायच्या, हेही लिहा. चाचणी कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने घ्यावी, साइट इंजिनिअरची सही घ्यावी. ओल दिसली तर दुरुस्ती करून पूर्ण ४८ तास पुन्हा. सहीशिवाय टाइलला हात लावायचा नाही. ‘चाचणी घेण्यात यावी’ एवढंच लिहिलं की कुणी घ्यायची आणि पैसे कुणाचे, यावर आठवडे जातात.

टाइलसारख्या वस्तूला मानकाचा आधार घ्या, पण पूर्ण. ‘मानकानुसार’ म्हणणं पुरेसं नाही. पोर्सलिन टाइल हवी असेल तर आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकामधला बी-वन-ए गट, पाणी शोषण सरासरी ०.५ टक्के किंवा कमी, चाचणी आयएसओ १०५४५-३ प्रमाणे, असं लिहा आणि मानकाच्या आवृत्तीचं वर्षही द्या. एका मानकात अनेक गट असतात. गट सांगितला नाही तर स्वस्तातला मालही ‘मानकानुसार’च ठरतो. ब्रँडचं नाव घालून पुढे ‘किंवा समतुल्य’ लिहायचं असेल, तर कोणत्या गुणांत समतुल्य, ते कोण ठरवणार आणि मंजुरी कधीपर्यंत मागायची, तेही त्याच कलमात येऊ द्या.

काँक्रीटमध्ये एक जुनी खोड दिसते. सिमेंट किती, पाणी किती हेही ठरवून द्यायचं आणि वर २८ दिवसांची ताकदही मागायची. कंत्राटदाराने तुमचं प्रमाण तंतोतंत पाळलं आणि क्यूब (ताकद तपासायला बनवलेले काँक्रीटचे ठोकळे) फेल गेले, तर जबाबदार कोण? मला वाटतं, ताकद आणि टिकाऊपणाच्या मर्यादा द्याव्यात आणि मिक्स डिझाइन (काँक्रीटमधल्या घटकांचं प्रमाण ठरवणं) कंत्राटदाराकडे सोपवून मंजुरी आपल्या हातात ठेवावी. किमान सिमेंट आणि कमाल पाणी-सिमेंट गुणोत्तर टिकाऊपणासाठी लागतं, ते ठेवा. पण या मर्यादा पाळल्या तरी ताकद आणायची जबाबदारी कंत्राटदाराचीच, असं स्पष्ट लिहा.

मांडणीसाठी अमेरिका-कॅनडात रूढ असलेली तीन भागांची पद्धत मला सोयीची वाटते: आधी सामान्य बाबी (नमुने, मंजुऱ्या, साठवण), मग माल, मग प्रत्यक्ष काम. शोधणाऱ्याला कुठे पाहायचं ते कळतं.

टाइलचा आकार ड्रॉइंगवर असेल तर स्पेसिफिकेशनमध्ये पुन्हा लिहू नका. ड्रॉइंग बदलतं, इथला आकडा तसाच राहतो. तरीही विसंगती निघणारच, म्हणून ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन आणि बीओक्यू (कामांची आणि त्यांच्या परिमाणांची यादी) यांत कोणतं वरचढ, हे करारात आधीच ठरवून ठेवा.

जुन्या कामाची फाइल वापरत असाल, तर या इमारतीत नसलेली प्रत्येक वस्तू काढून टाका. मग एकेक कलम साइटवरच्या सुपरवायझरला वाचायला द्या आणि ‘हे तू कसं तपासशील?’ एवढंच विचारा. तो अडखळेल तिथे कलम पुन्हा लिहा.