पोळी बंद केली, तरी पोट का बिघडतं? सिलिॲकमध्ये या चुका टाळा

घरात कुणाला सिलिॲक (गहू आणि जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होण्याचा आजार) निघाला की पोळी, पाव, बिस्किटं, शिरा, शेवया लगेच बंद होतात. काही महिने बरे जातात आणि मग पोट पुन्हा बिघडतं, किंवा रक्तातल्या आजार दाखवणाऱ्या अँटिबॉडी खाली यायचं नाव घेत नाहीत. रुग्ण शपथेवर सांगतो की गव्हाचा कणही खाल्लेला नाही. ताटात खरंच गहू नसतो. तो आलेला असतो गिरणीतून, हिंगाच्या डबीतून, नाहीतर दुकानातल्या तळणीतून.

तपासणीआधीच गहू सोडणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नातेवाइकांचं ऐकून गहू सोडला, बरं वाटलं, आणि मग खात्री करायला डॉक्टरांकडे गेलं, की तपासण्या खोटा दिलासा देतात. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची बायोप्सी, दोन्हींना ग्लुटेन पोटात जात असणं आवश्यक असतं. गहू बंद झाला की अँटिबॉडी उतरतात, आतड्याचं अस्तर भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

सोडून झालंच असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू सुरू करून तपासणी करावी लागते. त्यासाठी रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन लागतं, म्हणजे साधारण एक ते दोन पोळ्या, आणि तेही सहा ते आठ आठवडे. फारच त्रास झाला तर दोन आठवड्यांनीही तपासणी करता येते, पण मग ती चुकण्याची शक्यता वाढते.

टीटीजी-आयजीए सोबत एकूण आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार) मोजायला सांगा. सिलिॲकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांच्या शरीरात आयजीए तयारच होत नाही. त्यांचा टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येतो आणि त्यांना आयजीजी प्रकारची तपासणी लागते. बायोप्सीत एकच तुकडा घेऊन भागत नाही. अस्तराची खराबी ठिकठिकाणी असते, सलग नसते, म्हणून किमान चार तुकडे ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून आणि एक-दोन त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून घेतात.

‘एवढ्याशानं काय होतंय?’

गव्हाच्या पिठाचा ढोबळमानानं दहावा हिस्सा ग्लुटेन असतो. ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत ते सुमारे ३,००० मिलिग्रॅम भरतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत चालून जातं. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याचं अस्तर खराब होताना दिसतं. म्हणजे मर्यादा आहे एका पोळीच्या तीनशेव्या भागाची, चिमटीत मावेल एवढ्या पिठाची. ‘ग्लुटेन फ्री’ लिहिण्यासाठी एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) अट आहे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी. त्याच नियमांत २० ते १०० मिलिग्रॅमचा ‘लो ग्लुटेन’ असाही एक वर्ग आहे. तो सिलिॲकसाठी नाही, आणि दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात.

एखाद्या दिवशी त्रास झाला नाही म्हणजे चाललं, असंही धरू नका. लक्षणं आणि आतड्याची अवस्था नेहमी जोडीनं चालत नाहीत.

गिरणी: महाराष्ट्रातलं खरं दुखणं

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हे सगळं मुळात ग्लुटेनमुक्त. उत्तर भारतातल्या रुग्णाला जे शोधावं लागतं ते आपल्याकडे रोजच्या जेवणात असतं. पण ती ज्वारी दळायला जाते गव्हाच्या जात्यावर, आणि सगळं मुसळ केरात जातं.

हिशेब करून बघा. गव्हाचं दळण झाल्यावर पाट्यात, नळीत, डब्यात मिळून फक्त ५ ग्रॅम पीठ राहिलं आणि त्यावर १ किलो ज्वारी दळली. त्या पिठात सुमारे ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन आलं, म्हणजे ‘ग्लुटेन फ्री’च्या मर्यादेच्या पंचवीसपट. त्याची ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी ३० मिलिग्रॅम पोटात घालते. ‘आधी मूठभर ज्वारी टाकून ते पीठ बाजूला काढतो’ हा गिरणीवाल्याचा तोडगा प्रामाणिक असतो, पण पुरेसा नसतो. पाट्यांना टाकी लावून पाडलेल्या खाचांत अडकलेलं पीठ पुढच्या दळणात हळूहळू सुटत राहतं. शिवाय गिरणीच्या हवेतच कणीक उडत असते, आणि उघडा डबा तिथेच ठेवलेला असतो.

खात्रीचा उपाय एकच: ज्यात गहू कधीही पडलेला नाही अशी घरघंटी. जुनी, वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तिच्या आतल्या सगळ्या जागा साफ करता येत नाहीत. घरघंटी परवडत नसेल तर तांदूळ, वरी, राजगिरा मिक्सरवर दळून नव्या चाळणीनं चाळता येतात; ज्वारी मिक्सरवर तेवढी बारीक होत नाही आणि भाकरी चिरते, तिथे उकड काढून थापली तर जमतं. धान्य आधी निवडून घ्या. पोत्यांत आणि वखारीत ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. निवडल्यावर धुऊन कडक वाळवा आणि मगच दळा.

हिंग आणि त्याचं गोत

डबीतला रोजचा हिंग शुद्ध नसतो. तो डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. समजा डबीतला निम्मा माल पीठच आहे. चौघांच्या आमटीला पाव चमचा, म्हणजे अर्धा ग्रॅम हिंग पडला तर २५ मिलिग्रॅम ग्लुटेन, माणशी सहा. दोन वेळच्या जेवणात दिवसाची मर्यादा एकट्या फोडणीनं ओलांडली. घटकांची यादी वाचा. तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक घातलेला हिंग मिळतो. ‘खडा हिंग’ म्हणून विकलेला प्रत्येक खडा शुद्ध असतोच असं नाही. मिळेपर्यंत लसूण-जिऱ्याची फोडणी द्या.

हिंग गेला की त्याचं गोतही तपासावं लागतं: उडदाचे पापड, विकतचं लोणचं, फरसाण, सांबार मसाला. मेतकुटात तर हिंगाशिवाय भाजलेले गहूही असतात, हे नेहमी नजरेतून सुटतं.

‘पौष्टिक’ म्हणून आलेला गहू

खपली हा गहूच आहे. पचायला हलका, मधुमेहाला बरा, जुना, देशी, ही वर्णनं कितीही खरी असली तरी त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिॲकमध्ये तो चालत नाही. लापशी, सांजा, गव्हाचा चीक, कुरडया याच रांगेतल्या. सातूचं पीठ आपल्याकडे गहू आणि डाळं भाजून करतात, शिवाय सातू म्हणून जवही मिळतो. उत्तरेतलं हरभऱ्याचं सत्तू वेगळं. जव चालत नाही, जवस चालतं. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण ती गिरणीतूनच येते. नाचणीच्या बिस्किटांत पहिला घटक अनेकदा मैदा निघतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि कॉर्नफ्लेक्समधला माल्ट जवाचा. सोया सॉस गव्हाचा, त्यामुळे गाडीवरचं सगळं चायनीज बाद. ओट्स घ्यायचेच तर ग्लुटेन फ्री प्रमाणित असलेलेच, आणि तेही तब्येत स्थिरावल्यावर. थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

स्वयंपाकघरात काय वेगळं, काय नाही

पोळपाट, लाटणं, चाळणी, लाकडी उलथनं, भाकरीची परात आणि भांडी घासायची घासणी वेगळी हवी. चाळणीच्या जाळीतलं आणि लाकडाच्या भेगांतलं पीठ निघत नाही. लोखंडी तवा शक्यतो वेगळा ठेवा. भाजल्यानं किंवा उकळल्यानं ग्लुटेन नष्ट होत नाही. स्टीलची ताटं, वाट्या, कुकर मात्र साबणानं नीट घासले की झालं. त्यांचा दुसरा संच मांडायची गरज नाही.

क्रम पाळा. आधी भाकरी करून झाकून ठेवायची, ओटा पुसायचा, मग कणीक मळायची. पोळीची पिठी उडते आणि शेजारच्या उघड्या भाजीवर बसते. तूप, लोणी, चटणी यांचा डबा वेगळा, कारण पोळीला लावलेला चमचा पुन्हा त्यातच जातो. शाम्पू आणि क्रीमची धास्ती मात्र सोडा, ग्लुटेन कातडीतून आत जात नाही. ओठांना लावायच्या वस्तू तेवढ्या बघून घ्या.

बाहेर खाताना पदार्थाइतकीच कढई महत्त्वाची. बटाटावड्याचं आवरण बेसनाचं, पण त्याच तेलात सामोसे तळलेले. साबुदाणावड्याचंही तेच. उपवासाचं घरचं ताट त्या मानानं बरंच सुरक्षित: वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, आणि अनेक घरांत त्यात हिंगही नसतो.

गोव्यात आणि वसईत एक प्रश्न हमखास येतो, मिस्सा या कॅथलिक उपासनेतल्या पवित्र भाकरीचा. व्हॅटिकनच्या २०१७ च्या पत्रानुसार पूर्ण ग्लुटेनविरहित भाकर ग्राह्य नाही, अल्प ग्लुटेनची चर्चच्या दृष्टीनं चालते. नुसता द्राक्षारस घेण्याचीही मुभा आहे. मात्र त्यासाठी वेगळा प्याला सांगून ठेवा, कारण मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो. धर्मगुरूंशी आधी बोललं की हे सहज जमतं.

पथ्य सुरू झालं म्हणून बाकीच्या तपासण्या सोडणं

लोह जिथे शोषलं जातं, नेमका तोच आतड्याचा भाग सिलिॲकमध्ये आधी खराब होतो. म्हणून गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. निदानाच्या वेळी फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या. प्रौढांनी हाडांच्या घनतेसाठी डेक्सा करावं का, हे डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी चहासोबत नको. थायरॉईडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. आतडं सुधारलं की औषधं जास्त शोषली जातात, त्यामुळे थायरॉईडच्या गोळीची जुनी मात्रा जड होऊ शकते. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा बघा. टाइप-१ मधुमेह असलेल्यांचा इन्सुलिनचा हिशेबही या काळात बदलतो. सिलिॲकमध्ये जंतूंशी लढणाऱ्या प्लीहेचं काम मंदावलेलं असू शकतं, म्हणून न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धच्या न्यूमोकॉकल लसीबद्दल विचारा.

कोपर, गुडघे, नितंब यांवर खाजरे बारीक फोड वर्षानुवर्षं इसब किंवा खरूज म्हणून औषधं खातात. तो सिलिॲकचाच त्वचेवरचा प्रकार असू शकतो. त्याची बायोप्सी फोडावरून नव्हे, त्याच्या लगतच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतून घेतात. डॅप्सोन या औषधानं खाज थांबते, आतडं सुधारत नाही, आणि ते सुरू करण्याआधी रक्तातलं जी-६-पीडी हे विकर तपासावं लागतं.

आई-वडील, भावंडं, मुलं यांची टीटीजी तपासणी लक्षणं नसली तरी करावी. आपल्याकडे ती बहुतेकदा राहूनच जाते.

टीटीजी सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढे दरवर्षी बघतात. तो उतरला म्हणजे अस्तर पूर्ण भरलं असं नाही. प्रौढांमध्ये त्याला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. सुरुवातीचे काही महिने दूध सोसत नाही, कारण लॅक्टोज पचवणारं विकर त्याच खराब झालेल्या अस्तरात असतं. ते बहुधा परत येतं, म्हणून दूध कायमचं तोडू नका. तोवर दही-ताक चालतं का ते बघा. भात, साबुदाणा आणि बटाट्यावरच दिवस काढले तर बद्धकोष्ठ होतं, वजनही चढतं. तो ग्लुटेनचा त्रास नसतो, भाकरी आणि पालेभाजी वाढवली की उतरतो.

वर्षभरानंतरही जुलाब, पोटफुगी किंवा अशक्तपणा राहिला तर आधी आठवडाभराच्या खाण्याची बारीकसारीक नोंद करून ती सिलिॲक माहीत असलेल्या आहारतज्ज्ञाला दाखवा. बऱ्याच वेळा गहू तिथेच सापडतो. नाही सापडला, तर लहान आतड्यातली जिवाणूंची वाढ, स्वादुपिंडाची कमतरता, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूक्ष्मदर्शकातच दिसणारी सूज) यांच्या तपासण्या होतात. पथ्यालाही न जुमानणारा सिलिॲक दुर्मीळ आहे, आणि तो ठरवण्याआधी हे सगळं तपासून व्हावं लागतं.