चॉकलेट कॅरॅमल पोक केक: भोकं पाडण्याआधी आणि नंतर, या चुका टाळा

पोक केक म्हणजे भाजलेल्या केकला भोकं पाडून त्यांत कॅरॅमलसारखं काही पातळ ओततात तो. तो फसला की सगळा दोष केकवर ढकलला जातो. ‘फुगलाच नाही’, ‘ओव्हनच बदलायला हवा आता’. खरं म्हणजे या प्रकारात केक यथातथा झाला तरी निभावून जातं. घोळ होतो तो कॅरॅमल किती घट्ट आहे आणि ते कधी ओतलं, या दोन ठिकाणी.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिथे १९७०च्या दशकात साध्या पांढऱ्या केकला काट्याने टोचून त्यावर पातळ जेली ओतायचे. पुढे चॉकलेट केक, कंडेन्स्ड मिल्क, कॅरॅमल, वर क्रीम आणि टॉफीचा चुरा अशी त्याची वंशवेल वाढत गेली. ओतायची ती जेली पाण्यासारखी पातळ होती, म्हणून काट्याची भोकं पुरायची. आपण ओततो कॅरॅमल आणि भोकं मात्र काट्याचीच पाडतो. बरेचसे केक इथेच फसतात.

आधी प्रमाण सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं. २० सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंची चौकोनी टिनसाठी मैदा दीड कप, कोको पाव कप, साखर पाऊण कप, खायचा सोडा एक सपाट छोटा चमचा, चिमूटभर मीठ, तेल पाव कपाहून थोडं जास्त, व्हिनेगर एक मोठा चमचा, पाणी एक कप आणि थोडा व्हॅनिला. अंडं नाही, दही नाही, लोणी नाही. एरवी या केकमध्ये साखर पूर्ण कप पडते, पण वरून कॅरॅमल येणार आहे, म्हणून पाऊण. पाण्याऐवजी गार केलेली कोरी कॉफी घातली तर कोकोची चव उठून येते. मुलांसाठी करत असाल तर पाणीच बरं.

केकमध्ये फार काही बिघडत नाही, तरी...

कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप. घरातला चहाचा कप बहुधा याहून बराच लहान असतो आणि आमटीच्या वाटीचा तर काही नेमच नाही. सगळं एकाच वाटीने मोजलं तर एकवेळ चालतं, पण मैदा वाटीने आणि सोडा मापाच्या चमच्याने घेतला की सोडा जास्त होतो. मग केक आधी फुगतो, नंतर मधोमध बसतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते.

कोको चाळून घ्या. पावसाळ्यात ठाण्यात काय कोरडं राहतं? बिस्किटं मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं, तशाच कोकोच्याही गुठळ्या होतात, आणि केक कापल्यावर त्या कडू गोळ्यांसारख्या मध्येच लागतात. पाकिटावर ‘डच प्रोसेस’ लिहिलेला, म्हणजे आंबटपणा काढून टाकलेला कोको या कृतीला नको. साधा कोको थोडा आंबट असतो आणि सोड्याला उठवायला व्हिनेगरसोबत त्याचाही हातभार लागतो.

पाणी आणि व्हिनेगर पडलं की मिश्रण जेमतेम एकजीव होईपर्यंतच ढवळायचं आणि लगेच गरम ओव्हनमध्ये सरकवायचं. ‘टिनला बटर पेपर लावते, तोवर राहू दे’ म्हणून बाजूला ठेवलंत तर सोड्याचा जोर ओट्यावरच संपतो. टिन आधी तयार हवा.

१८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. ओटीजी (वर-खाली तापणाऱ्या कांड्यांचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर पंधरा मिनिटं आधी तापवा, आणि वरची कांडी लाल होत असेल तर ती बंद करून फक्त खालची ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये धातूचा टिन ठेवण्याआधी खरंच कन्व्हेक्शन मोड लावलाय ना, हे दोनदा बघा. ओव्हन नसेल तर कुकरमध्येही होतो: तळाला मीठ पसरून वर जाळी, झाकणाची शिटी आणि रबर दोन्ही काढलेली, कुकरमध्ये पाण्याचा थेंब नाही, आधी दहा मिनिटं तापवणं आणि मग मंद आच. वेळ थोडा जास्त लागतो. कुकरमध्ये वरून रंग येत नाही म्हणून काहीजण भाजतच राहतात आणि खालून करपवतात. वरचा रंग क्रीमखाली झाकलाच जाणार आहे, त्याची चिंता नको.

सगळा खेळ कॅरॅमलचा

एक कप साखर, ६० ग्रॅम बटर, १८० मिली फ्रेश क्रीम. अमूलचं नेहमीचं बटर खारंच असतं, त्यामुळे वरून मीठ घालायची गरज नाही. कॅरॅमल करताना मीठ टाकायचंच असं कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून खाऱ्या बटरवर पुन्हा मीठ पडतं आणि मुलं तोंड वाकडं करतात.

भांडं जाड बुडाचं आणि आतून चकचकीत स्टीलचं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये साखरेचा रंग दिसत नाही, आणि इथे रंग हेच घड्याळ आहे. साखर मध्यम आचेवर कोरडीच वितळू द्या. आधी कडेने पाणी सुटल्यासारखं दिसतं, मग कड पिवळसर होते आणि मध्ये अजून पांढरा ढीग असतो. इथे हात शिवशिवतात. पळी घालून घुसळू नका, भांडं उचलून नुसतं गोल फिरवा. ढवळलं की अर्धवट वितळलेली साखर पुन्हा दाणे धरते आणि सगळं रवाळ होतं. ज्यांना कोरडी साखर वितळवायची भीती वाटते त्यांनी पाव कप पाणी आणि लिंबाचे चार थेंब घालावेत. वेळ जास्त लागतो, पण लिंबाच्या आंबटपणामुळे साखर पुन्हा दाणे धरायला सहसा धजत नाही. रवाळ झालंच तर टाकून देऊ नका, थोडं पाणी घालून मंद आचेवर पुन्हा विरघळवा.

साखर १६० अंशांच्या पुढे गेली की रंग धरते आणि तिथून पुढचा खेळ सेकंदांचा. फिका सोनेरी असताना उतरवलं तर नुसतं गोड लागतं, त्यात कॅरॅमल असं काही नसतं. तांबूस-तपकिरी रंग आला, कडेला अगदी बारीक धूर दिसायच्या बेतात आहे, तेव्हा गॅस बंद. भांडं गरमच असतं, त्यामुळे रंग आणखी एक पायरी चढतो, तो हिशेब धरूनच थांबायचं. पूर्ण काळपट होऊन डोळ्यांत जाणारा धूर आला तर ते कॅरॅमल गेलं. क्रीमने, बटरने, कशानेही तो कडवटपणा लपत नाही. साखर स्वस्त आहे, नवी घ्या.

आता क्रीम. फ्रिजमधलं गार क्रीम थेट ओतणं ही यातली सगळ्यात वाईट चूक. कॅरॅमल खवळून भांड्याबाहेर उडतं आणि खाली साखरेचा दगड होतो. क्रीम वेगळ्या भांड्यात कोमट करून ठेवा. आधी बटर, मग क्रीम बारीक धारेने, दुसऱ्या हाताने व्हिस्क. तरीही फसफसून वर येतंच, म्हणून भांडं खोलगट हवं. खाली खडे जमले तर घाबरू नका, मंद आचेवर दोन-तीन मिनिटांत विरघळतात. फ्रेश क्रीममध्ये फॅट २५ टक्केच असल्यामुळे ते खदखदून उकळलं तर फाटल्यासारखं दाणेदार दिसतं. तसं झालं तर खाली उतरवून एक चमचा गरम दूध घालून जोरात फेटा.

या पाच मिनिटांत मुलं स्वयंपाकघराबाहेर. उकळत्या पाण्याचा चटका बसला तर पाणी ओघळून जातं, साखर मात्र कातडीला चिकटून भाजत राहते. उडालंच अंगावर, तर ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि वीस मिनिटं धरून ठेवा. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको.

हे सगळं नको असेल तर कंडेन्स्ड मिल्कचा सोपा मार्ग आहे, पण त्यात एक गोष्ट अजिबात करायची नाही: बंद डबा कुकरमध्ये उकळायचा नाही. वर्षानुवर्षं लोक करत आले असतील, म्हणून काय झालं? डबा फुटला तर कुकर उघडणाऱ्याच्या तोंडावर फुटतो, आणि हल्लीचे कडी ओढून उघडायचे डबे तर आणखी कच्चे. दूध स्टीलच्या डब्यात काढा, झाकण घट्ट लावून वर फॉइल गुंडाळा, डबा अर्धा बुडेल इतकं पाणी कुकरमध्ये घाला, शिटी झाली की मंद आचेवर चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. रंग छान येतो, चव थोडी दुधाळ राहते. फक्त हे गार झाल्यावर फार घट्ट होतं, तसंच्या तसं भोकात जाणार नाही.

‘वरच थबकलंय, आत जातच नाही’

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा संध्याकाळी फोन आला, “अगं, कॅरॅमल वरच थबकलंय, आत जातच नाही. आता काय करू?” केक दुपारचा होता, पूर्ण गार झालेला. भोकं टूथपिकने पाडलेली. कॅरॅमल फ्रिजमधून काढून जेमतेम ढवळलेलं. तिन्ही चुका एका टिनमध्ये.

केक ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. लगेच टोचलात तर गरम केक ओला असतो, भोकाच्या भिंती कोसळतात आणि खाली चिकट लगदा होतो. पूर्ण गार होऊ दिलात तर तो कॅरॅमल नीट पीत नाही. हाताला कोमट लागतो ती वेळ धरा.

भोकं लाकडी पळीच्या दांडीने पाडा, नाहीतर जाडसर चॉपस्टिकने. विणायची जाड सुई असेल तर तीही चालते, धुऊन घेतली म्हणजे झालं. दोन भोकांत साधारण दोन सेंटिमीटर अंतर. खोली पाऊण भागापर्यंतच. तळाला टेकवलंत तर कॅरॅमल सरळ खाली जाऊन टिनला चिकटतं आणि पहिला तुकडा काढताना निम्मा टिनमध्येच राहतो. दांडी आत घालताना थोडी पिळा, तशीच पिळत बाहेर काढा आणि दर तीन-चार भोकांनंतर ओल्या फडक्याने पुसा. न पुसलेल्या दांडीला चुरा चिकटतो आणि पुढचं भोक फाटतं.

ओतताना कॅरॅमल पातळ बासुंदीइतकं सैल आणि गरमसर हवं. चमच्यातून तुटक गोळे पडत असतील तर दोन चमचे दूध घालून पुन्हा गरम करा. सगळं एकदम ओतू नका. एका हातात छोटी पळी घेऊन आधी भोकं भरा. भरलेलं भोक क्षणभर काठोकाठ चमकतं आणि मग हळूहळू खाली बसतं. बसलं की दुसरा हात द्या. एवढ्या केकला एक कपभर कॅरॅमल पुरतं. उरलेलं ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ओतलंत तर दुसऱ्या दिवशी केक चमच्याने खावा लागेल.

काकूंचा केक वाचला. टिनवर फॉइल लावून दहा मिनिटं मंद ओव्हनमध्ये गरम केला, जुन्याच भोकांत पळीची दांडी घातली आणि दूध घालून सैल केलेलं कॅरॅमल ओतलं.

क्रीमची घाई नको

कॅरॅमल जिरलेला केक आधी पूर्ण गार होऊ द्या, मग झाकून किमान चार तास फ्रिजमध्ये. रात्रभर ठेवलात तर फारच छान. तेलाचा केक असल्यामुळे फ्रिजमध्येही दगड होत नाही, बटरचा झाला असता. झाकण मात्र हवंच. शेजारी कापलेला कांदा आणि वर उघडा केक, हे गणित कुणाला पटवून द्यायला नको.

फ्रेश क्रीम कितीही फेटा, ताठ उभं राहत नाही. २५ टक्के फॅटमध्ये ते होणार नाही, तुमचा बीटर निर्दोष आहे. फेटायला ‘व्हिपिंग क्रीम’ लिहिलेलंच हवं. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा नवी मुंबईत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळणारं गोठवलेलं क्रीम बहुधा वनस्पती तेलाचं असतं आणि त्यात साखर आधीच असते, वरून पिठीसाखर घालू नका. ते रात्रभर फ्रिजमध्ये विरघळवा, ओट्यावर नको. मे महिन्यात दुपारी क्रीम फेटायला बसणाऱ्यांना माझा एकच सल्ला: सकाळी सातला फेटा. आणि भांडंही फ्रिजमध्ये ठेवलेलं असू द्या.

वर टॉफीच्या चुऱ्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की जाडसर कुटून भुरभुरा, माझ्या मते टॉफीपेक्षा सरस लागते. पण ताटलीत वाढतानाच. क्रीमवर तासभर बसलेली चिक्की ओलावा ओढून लिबलिबीत होते, पावसाळ्यात तर तेवढाही वेळ लागत नाही.

न्यायचा असेल तर

पोक केक टिनमधून काढायचाच नसतो, त्यामुळे तो न्यायला सोपा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला नणंदेकडे न्यायचा असेल तर क्रीम वेगळ्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत न्या आणि तिथे पोचल्यावर पसरा. क्रीम लावलेला टिन गर्दीच्या वेळी मांडीवर सरळ धरता येईल, या भ्रमात राहू नका.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, दर कापाला. आठ इंची टिनचे सोळा तुकडे करा, नऊ नको, फार गोड होतो. कापताना तुकडे मोडलेच तर ग्लासांत केकचा चुरा, कॅरॅमल, क्रीम असे थर द्या, पाहुण्यांना काही सांगायला जाऊ नका. उरलेलं कॅरॅमल काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतं. घट्ट झालं तर बरणी गरम पाण्यात उभी करा, थेट गॅसवर नको.