‘सारंगी लई उना का?’ : व्हायोलिन बेस घ्यायला निघालेल्यांसाठी

पारोळ्याला एका हळदीच्या कार्यक्रमात मी हा व्हायोलिनच्या आकाराचा बेस गिटार पहिल्यांदा गळ्यात अडकवून स्टेजवर चढलो. आमचा ऑक्टापॅडवाला वायरी सोडवत बसला होता. वर बघून म्हणाला, ‘काय रे भो, आज सारंगी लई उना का?’ म्हणजे, सारंगी घेऊन आलास का? झालं. तेव्हापासून आमच्या ऑर्केस्ट्रात त्या वाद्याचं नाव सारंगी. साउंडवाला माइकवरून ओरडतो तेही ‘सारंगीची लाइन द्या’ असंच.

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मी चौदा वर्षं बेस वाजवतोय. लग्नं, गणपती, नवरात्र, आणि आता अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंग. यातली सहा वर्षं सारंगी सोबत आहे. नवी पोरं फोन करतात तेव्हा दोन-तीन वाक्यांत गाडी तिथंच येते: ‘दादा, तो व्हायोलिनसारखा दिसतो तो घेऊ का?’ फोनवर सांगून घसा बसला, म्हणून लिहितोय.

आधी हे वाद्य कुठलं ते बघू. गिब्सननं १९५३ साली व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला होता, पण तो भरीव महोगनीचा, आणि त्यावरची व्हायोलिनची छिद्रं नुसती रंगानं काढलेली. आपण ज्याला व्हायोलिन बेस म्हणतो तो जर्मनीच्या हॉफनरचा ५००/१, बाजारात आला १९५६ मध्ये. ही कंपनी १८८७ पासूनची, आणि मुळात व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या मुलखातली. त्यामुळे त्यांनी व्हायोलिनच्याच पद्धतीनं केलं: वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, आत सगळं पोकळ. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे तीस पौंडांना तो घेतला. तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता, आणि खिशालाही परवडत होता. पुढे जगभर ज्याची नक्कल झाली त्या वाद्याची निवड इतक्या साध्या हिशोबानं झाली होती. आणि एक गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही: १९६५ नंतर स्टुडिओत त्याच्या हातात बऱ्याचदा रिकनबॅकर कंपनीचा बेस असायचा.

हलका, पोकळ आणि आखूड. या वाद्याचं सुख या तीन गोष्टींत आहे आणि दुखणंही याच तिघांत.

आखूड म्हणजे किती? नेहमीच्या बेसची तार नटापासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावरची, तारा टेकतात ती घोडी) ३४ इंच, याची ३० इंच. ऐकायला चारच इंच, पण बोटांना विचारा. ३४ इंचीवर नटापासून पहिला फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, सुमारे ४८ मिलिमीटरवर येतो, यावर ४३ वर. खालच्या पट्टीत चार फ्रेटांवर चार बोटं ठेवायची तर हा फरक करंगळीला लगेच कळतो. शिवाय तीच तार त्याच सुराला लावली तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी पडतो. माझे हात लहान आहेत. पहिली आठ वर्षं मी मोठ्या बेसवर मनगट दुखवत वाजवलं. सारंगीवर पहिल्याच संध्याकाळी तीन तास बसलो आणि उठताना मनगट चोळलं नाही. नवरात्रात रोज चार तास उभं राहून वाजवायचं असेल तर खांद्यावर चार किलोऐवजी दोन-सव्वादोन किलो असणं म्हणजे काय, ते सहाव्या-सातव्या माळेला समजतं.

पण हलक्या अंगाला लांब मान आणि टोकाला चार लोखंडी खुंट्या. पट्टा गळ्यात घालून हात सोडला की मान जमिनीकडे निघते. मग डावा हात सूर दाबायचं सोडून मान उचलून धरायला लागतो. रेक्झिनचा गुळगुळीत पट्टा असेल तर विचारूच नका. रुंद, आतून खरबरीत चामड्याचा पट्टा घ्या, निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं उजव्या हाताचं कोपर वाद्यावर टेकवून होतं, तेवढी सवय लावून घ्यावी लागते.

आता माझी फजिती. माझा बेस हॉफनर नाही. खऱ्या जर्मन हॉफनरची किंमत लाखांत जाते. चीनमध्ये बनणारी त्यांचीच स्वस्त मालिका आहे, पण मी घेतली ती त्याहूनही स्वस्त, कुणा तिसऱ्याची नक्कल, तीही सेकंडहँड, अठरा हजारांना. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं वरच्या बर्थवर उशाला घेऊन आणली. घरी आल्यावर उत्साहात चारही तारा एकदम सोडल्या. खट्‌ असा आवाज झाला आणि ब्रिज पायाशी पडला.

मला माहीतच नव्हतं की हा ब्रिज कशालाही जोडलेला नसतो. लाकडाचा तुकडा, वर फ्रेटच्या तारेचे चार बारके तुकडे खोचलेले, आणि तारांच्या दाबानं जागेवर उभा. तार मागं टेलपीसला, म्हणजे वाद्याच्या शेपटाकडच्या पट्टीला अडकते, ब्रिजला नाही. अगदी व्हायोलिनसारखं. मी तो अंदाजानं परत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चाळीसगावला वाजवायला गेलो. खालचे सूर बरोबर, सातव्या फ्रेटच्या वर गेलो की बेसूर. की-बोर्डवाला दोनदा वळून बघून शेवटी कानाशी आला, ‘तू खालीच राह्य.’ तो पूर्ण कार्यक्रम मी पाच फ्रेटांत काढला. खरं सांगू, लोकांना काही कळलं नाही. बेसवाल्याचं हे एक सुख आहे.

ब्रिज बसवायचा असा. सूर दाखवणारा ट्यूनर जोडा. मोकळ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा, तो सूर बघा. मग तिथंच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज थोडा मागे, टेलपीसकडे सरकवा. उतरा आला तर पुढे. सरकवायचं केसभर, आणि तार थोडी सैल करून. जाड तारेची बाजू बारीक तारेपेक्षा जरा मागे राहते, ब्रिज तिरका दिसला म्हणून सरळ करायला जाऊ नका. जमलं की दोन्ही टोकांना कागदी टेपची खूण करा. आणि तारा बदलताना एका वेळी एकच.

तारांवरून आठवलं. आखूड बेस म्हणून मी ‘शॉर्ट स्केल’ लिहिलेला फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या तारांचा संच मागवला. टेलपीस ब्रिजच्या बराच मागे असतो, त्यामुळे तारेला नेहमीच्या आखूड बेसपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, हे डोक्यात आलं नाही. जाड तारेचा रेशीम गुंडाळलेला निमुळता भाग नटाच्या अलीकडे, पहिल्या फ्रेटवर येऊन बसला. दोन हजार पाण्यात. मागवण्याआधी टेलपीसपासून नटापर्यंत शिंप्याच्या टेपनं मोजा, आणि तारेचा जाड भाग त्यापेक्षा लांब आहे का ते विक्रेत्याला विचारा. तारा मात्र फ्लॅटवाउंडच लावा. खरखरीत राउंडवाउंडवर हा बेस आपला आवाज हरवून बसतो.

तो आवाज शब्दांत सांगणं अवघड आहे. सूर निघतो, गोल फुगतो आणि लगेच विझतो. रांजणावर तळहात मारल्यासारखा काहीसा. लांब खेचलेला सूर हवा असेल, अंगठ्यानं तार आपटून स्लॅप करायचं असेल, तर हे वाद्य तुमचं नाही. पण ढोलकीच्या गाण्यात तो सूर वेळेवर बाजूला होतो, ढोलकीच्या धुमेला जागा देतो. अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला मी म्हणून हाच नेतो. अडचण पुढेच आहे: ही गाणी ऐकली जातात मोबाइलवर. सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरला तो वाजवता येत नाही. आपला कान त्या सुरासोबत निघणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून अंदाज बांधतो, आणि फ्लॅटवाउंड तारांत ते वरचे अंशच कमी. गाणं तयार होऊन आलं आणि पोरं म्हणाली, बेस कुठंय? आता मी बोटांऐवजी पिकनं, म्हणजे नखीनं वाजवतो आणि मिक्स करताना थोडा खरखरीतपणा मिसळायला सांगतो.

स्टेजवर वेगळंच संकट. पोकळ अंग म्हणजे डबाच. आपल्याकडे गरब्याला सबवूफर किती लावतात ते ठाऊक आहे. धुळ्याला पहिल्याच वर्षी मला सबच्या चार फुटांवर उभं केलं. मी तार दाबायच्या आधीच बेस स्वतःहून घुमायला लागला, हूऽऽऽ करत वाढत गेला, आणि साउंडवाल्यानं माझी लाइन खाडकन बंद केली. सबपासून लांब उभे राहा, वाद्याचं तोंड त्याच्याकडे करू नका, न वाजणाऱ्या तारांवर हात राहू द्या. तरीही मोठ्या मैदानावर मी आता सारंगी नेत नाही, जुना भरीव बेस नेतो. आत मधोमध लाकडी ठोकळा बसवलेली मॉडेलं मिळतात, ती कमी घुमतात. पण मग वजन वाढतं आणि आवाजातली पोकळीही थोडी जाते.

वरच्या सरक्या बटणांचं काय लिहू. बेस, ट्रेबल, आणि रिदम-सोलो. नावं वाचून काही कळत नाही, घरी बसून कानानं शोधा. रिदमकडे सरकलं की आवाज खाली जातो एवढं पक्कं. गाण्याच्या मध्येच मनगट लागून ते सरकतं, म्हणून मी त्यावर टेप लावून टाकलाय.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठक्क. भरीव बेस सोसून घेतो. पातळ फळ्या चिकटवून केलेलं पोकळ वाद्य नाही सोसत. एकदा टेम्पोत सामानावर राहून गेला, संध्याकाळी पाठीच्या कडेला नखभर फट. दुकानात विचारलं तर म्हणे नवीन घ्या. शेवटी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेला. त्यांनी वाद्य कानाशी धरून बोटानं टिचक्या मारल्या, फट कुठवर गेलीये ते आवाजावरून पेन्सिलीनं आखलं, वाटीत सरस तापवला, जुन्या ब्लेडनं आत सरकवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या काढून आवळून बांधला. दोन दिवस हात लावू नको म्हणाले. दीडशे रुपये. चार उन्हाळे झाले, तो जोड धरून आहे.

घेताना पट्ट्यासकट उभं राहून वाजवून बघा, बारावा फ्रेट तपासा, कडांवरून नख फिरवा. छायाचित्र बघून घेऊ नका. माझ्यासारखी अठरा हजारांची अक्कल विकत घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी चोपड्याचा एक पोरगा आला. बारीक हात, डोळे सारंगीवर. माझं म्हणणं होतं, कमाई स्टेजवर करायची असेल तर पहिला बेस साधा, भरीव घे. फार तर आखूड घे, पण भरीव. हिरमुसला, तरी घेतला. हल्ली रेकॉर्डिंग असलं की सारंगी माझ्याकडून मागून नेतो. परवा परत आणून दिली. खोळ उघडली तर चारही तारा नव्या कोऱ्या, आणि ब्रिज टेपच्या खुणेपासून बोटभर बाजूला. मी काही बोललो नाही. ट्यूनर काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.