नंदीची चाकं आसावर फिरत नाहीत? ॲनिमेटमध्ये या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ॲनिमेशन शिकायला फार चांगला विषय आहे. चार चाकं, मान, शेपटी, पाठीवर झूल. भाग मोजके, पण प्रत्येकाची हालचाल निराळी. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमधली मुलं ॲडोबी ॲनिमेट या सॉफ्टवेअरमध्ये तो हौसेनं काढतात आणि बहुतेकांचं एकाच जागी अडतं. समोरची वस्तू साधा आकार आहे, ग्रुप आहे की सिम्बॉल (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येणारी वस्तू), हे न पाहताच ती ओढायला लागतात. निवड केल्यावर आधी प्रॉपर्टीज पॅनल बघा, तिथे ते लिहिलेलं असतं.

हमखास येणारी तक्रार म्हणजे झूल उचलली आणि बैलाच्या पाठीला भोक पडलं. मर्ज ड्रॉइंगमध्ये, म्हणजे आकार एकमेकांत मिसळणाऱ्या पद्धतीत, एकाच लेयरवर एक आकार दुसऱ्यावर ठेवून निवड सोडली, की वरचा खालच्याला कापतो. रंग एकच असेल तर दोन्ही मिसळून जातात. काढण्याआधी ‘J’ ही कळ दाबून ऑब्जेक्ट ड्रॉइंग सुरू करा, त्यात प्रत्येक आकार सुटा राहतो. तसाही प्रत्येक हलता भाग सिम्बॉल करून वेगळ्या लेयरवर ठेवायचाच आहे, कारण क्लासिक ट्वीनला (दोन स्थितींमधली हालचाल सॉफ्टवेअरनं आपोआप भरणं) एका लेयरवर एकच वस्तू लागते.

सगळ्यात जास्त वेळ चाकांना द्या. फ्री ट्रान्सफॉर्म घेतलं की वस्तूत छोटा पांढरा गोल दिसतो. वस्तू त्याच्याभोवती फिरते. चाकाची सावलीही त्याच सिम्बॉलमध्ये काढली असेल तर हा गोल चाकाच्या मधोमध न येता बाजूला येतो आणि चाक लंगडत फिरतं. सावली वेगळी काढा, किंवा गोल ओढून आसावर आणा. हे ट्वीन लावायच्या आधी करा. नंतर एकाच कीफ्रेममध्ये (जिथे आपण वस्तूची स्थिती ठरवतो ती फ्रेम) गोल हलवला, तर दोन कीफ्रेमचे आस जुळत नाहीत आणि चाक फिरता फिरता घसरतं.

पहिल्या कीफ्रेमला शून्य आणि शेवटच्याला ३६० अंश देऊन चाक फिरत नाही, कारण सॉफ्टवेअरला दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात. ट्वीनच्या प्रॉपर्टीजमध्ये रोटेटची दिशा आणि फेऱ्या द्या. अंतरही जुळवायला हवं. १०० पिक्सेल व्यासाचं चाक एका फेरीत साधारण ३१४ पिक्सेल पुढे गेलं पाहिजे, नाहीतर नंदी चिखलात रुतल्यासारखा दिसतो. चाकाला आठ आरे असतील तर दोन आऱ्यांत ४५ अंश असतात. एका फ्रेममध्ये २२.५ अंशांपेक्षा जास्त फिरवलं की डोळ्याला चाक उलटं जाताना दिसतं. २४ फ्रेममध्ये एक फेरी ठेवा, म्हणजे दर फ्रेमला १५ अंश. हे गणित मी मुलांकडून वहीत करून घेतो. ते एकदा कळलं की बैलगाडीपासून एसटीपर्यंत कुठलंही चाक जमतं.

एकाच चाकावर डबल क्लिक करून रंग बदलला की चारही लाल होतात, कारण तुम्ही मूळ सिम्बॉलच बदललेला असतो. नुसता रंग हवा असेल तर त्या एका चाकाला प्रॉपर्टीजमधून टिंट, म्हणजे वरून रंगाची छटा, द्या. नक्षी वेगळी हवी असेल तर डुप्लिकेट सिम्बॉल करा. चाक चुकून चपटं झालं तर रिमूव्ह ट्रान्सफॉर्म वापरा. सिम्बॉल किंवा ग्रुप आपलं मूळ माप लक्षात ठेवतो, साधा आकार मात्र निवड सुटली की ते विसरतो.

‘तान्ह्या पोळ्याच्या शुभेच्छा’ कमानीसारखं वाकवायचं असेल तर एन्व्हलप (आकार वाकवायचं साधन) थेट मजकुरावर चालत नाही, कारण ते फक्त आकारांसाठी आहे. कंट्रोल-बी दोनदा दाबा. पहिल्यांदा अक्षरं सुटी होतात, दुसऱ्यांदा त्यांचे आकार होतात. त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून वेलांट्या आणि जोडाक्षरं आधी तपासा. मजकुराची एक प्रत गाइड लेयरवर (फक्त काम करताना दिसणारा लेयर) ठेवा, ती तयार व्हिडिओत येत नाही.

सगळं झाल्यावर नंदी थोडा खाली हवा असं वाटलं आणि एकाच कीफ्रेममध्ये सरकवला, तर तो चालता चालता खड्ड्यात उतरतो. टाइमलाइनवरचं एडिट मल्टिपल फ्रेम्स सुरू करा, कंस पहिल्यापासून शेवटच्या फ्रेमपर्यंत ताणा, बाकीचे लेयर कुलूपबंद करा, सगळं निवडून सरकवा. काम झालं की ते बटण बंद करा, नाहीतर पुढचा बदलही सगळ्या कीफ्रेमवर जाऊन बसेल.